वेळ देणाऱ्यांची नोंद

मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांची नावे सलग वाचली, की या शहराने कोणाचे उपकार लक्षात ठेवले ते कळते. १८४५ साली सुरू झालेले जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीची आठवण सांगते. कामा आणि वाडिया ही दानशूर पारशी घराण्यांची नावे. नायर रुग्णालयाला ते उभारणाऱ्या डॉ. नायर यांच्या आईचे नाव आहे. परळच्या केईएमला इंग्लंडच्या राजाचे नाव मिळाले, तरी त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्याच नावाने चालते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या पैशातून १८६७ मध्ये उभे राहिलेले रुग्णालय आजही नुसते ‘ससून’ म्हणून ओळखले जाते. वॉर्डांच्या दारांवर, धर्मशाळांच्या भिंतींवर, पाणपोयांवर आणि रुग्णवाहिकांच्या पाठीवर अशीच नावे असतात, आणि ती असायला हवीत. देणाऱ्याचे नाव दगडात कोरले गेले म्हणून पुढच्या पिढीतल्या श्रीमंतालाही द्यावेसे वाटले, आणि गरिबांसाठी खाटा वाढत गेल्या. पण याच इमारतींत फार पूर्वीपासून दुसरीही एक देणगी येत आली आहे. ती वेळेची. रुग्णाच्या उशाशी बसण्याचा, केसपेपरच्या रांगेत त्याच्यासाठी उभे राहण्याचा, परगावच्या बाईला चार इमारती ओलांडून एक्स-रेच्या खोलीपर्यंत पोहोचवण्याचा वेळ. या देणगीची पाटी लागत नाही आणि पावतीही फाडली जात नाही.

स्वयंसेवकांचे कौतुक कधीच होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठराव करून ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. तो आपल्याकडेही साजरा होतो. वर्धापनदिन, जागतिक कर्करोग दिन, रक्तदान दिन हे प्रसंग वेगळेच. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, अधिष्ठात्यांचे चार शब्द, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. या सत्कारावर माझा आक्षेप नाही. ज्या माणसाने आठवड्यातली एक सकाळ वर्षानुवर्षे अनोळखी रुग्णांना दिली, त्याच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे. आक्षेप आहे तो एवढ्यावर थांबण्याला. सार्वजनिक रुग्णालयांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जे दान रुग्णालयाने मोजले, तपासले आणि कागदावर आणले, ते टिकले आणि त्यातून कायमची व्यवस्था उभी राहिली, ज्याचे फक्त आभार मानले, ते देणाऱ्याच्या उत्साहाबरोबर आले आणि गेले. म्हणून स्वयंसेवकाने काय केले आणि ते करताना त्याला काय दिसले याची नोंद ठेवणे, ती लोकांसमोर मांडणे आणि तिच्या आधारे कारभारात बदल करणे, हाच मला त्याचा खरा गौरव वाटतो. बाकी सगळे त्यानंतर यावे.

आधी हे काम नेमके कोणते ते पाहू. केईएममध्ये सुमारे १,८०० खाटा आहेत आणि वर्षाला अंदाजे १८ लाख बाह्यरुग्ण येतात. सुट्ट्या वगळल्या तर हा आकडा दिवसाला सहा हजारांच्या आसपास जातो, आणि बहुतेकांबरोबर एखादा तरी नातेवाईक असतो. त्यातला मोठा भाग मुंबईबाहेरचा, कित्येकदा महाराष्ट्राबाहेरचा. डॉक्टरने तपासायला पाच मिनिटे घेतली, तरी त्या पाच मिनिटांच्या आधी आणि नंतर रुग्णाचा अख्खा दिवस जातो: केसपेपर काढणे, योग्य ओपीडी शोधणे, रक्त द्यायचे कुठे आणि अहवाल मिळणार कुठे हे समजून घेणे, एमआरआयची तारीख मिळवणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसायचे तर शिधापत्रिका आणि ओळखपत्र जुळले पाहिजे. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. जो रुग्ण एकटा आहे त्याला चाकांच्या खुर्चीवरून कोणी न्यायचे, हा प्रश्न तर रोजचा. वॉर्डातले मामा आणि मावशी आपापल्या पाळीत जितक्या खाटा सांभाळतात, तितक्यांतच त्यांचे हात संपतात. सिस्टरचे हात तर त्याहूनही आधी. इथे स्वयंसेवक उभा राहतो. त्याचे काम वैद्यकीय नाही, पण त्याच्यावाचून वैद्यकीय उपचार पुष्कळांपर्यंत पोहोचत नाहीत. उपचार फुकट असूनही माणूस अर्ध्यावर सोडून गावी परततो, तेव्हा त्यामागे औषधाइतकेच या वणवणीचेही कारण असते.

परळच्या एका चौरस मैलात या कामाचे जवळजवळ सगळे प्रकार पाहायला मिळतात. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून कर्करुग्ण येतात, आणि कर्करोगाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. राहायचे कुठे आणि खायचे काय, हा त्यांच्या उपचाराचाच भाग होऊन बसतो. गाडगे महाराजांनी हे फार आधी ओळखले होते. धर्मशाळा ही रुग्णालयाची गरज आहे हे त्यांनी बांधून दाखवले, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटाच्या रुग्णांना आसरा देते. नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन तेच काम रुग्णालयाच्या जवळ करते. कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९९४ ची व्ही केअर या संस्थांनी पैशाच्या मदतीबरोबर माणसांची मदतही उभी केली. व्ही केअरच्या स्वयंसेवकांत कर्करोगातून बरे झालेले लोक आहेत, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. केमोथेरपीने केस गळालेल्या बाईला ‘पुन्हा येतील’ हे डॉक्टरने सांगणे आणि ज्या बाईचे केस पुन्हा आले आहेत तिने सांगणे, यांत फरक आहे. ही माणसे रुग्णालयाला फुकटचे मनुष्यबळ देतात असे म्हटले तर त्यांचे निम्मेच मोल सांगितले जाते. रुग्णालयाकडे नसलेले ज्ञान ती देतात. मग त्या ज्ञानाचा रुग्णालयाच्या निर्णयांत उपयोग का करून घेऊ नये?

इतिहासाकडे वळलो तर दिसते, की आज आपण ज्याला रुग्णालयाचा ‘विभाग’ म्हणतो, त्यातले पुष्कळसे एके काळी कोणाच्या तरी स्वेच्छेने दिलेल्या वेळेतून सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रुग्णांना भेटायला जात, फळे-फुले-पुस्तके नेत. तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ती एक दयाळू बाईंची गोष्ट राहिली असती. पण रुग्ण स्त्रियांना शिकलेल्या परिचारिकेची गरज आहे हे ध्यानात आल्यावर सेवासदनच्या मुली ससूनमध्ये परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. यात विधवाही होत्या, आणि हे काम भल्या घरच्या बाईने करू नये असे मानणारा समाज समोर होता. भेटीतून उणीव दिसली, उणिवेतून अभ्यासक्रम निघाला आणि अभ्यासक्रमातून पगाराचे पद. वैद्यकीय समाजसेवेचेही तसेच. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली ती एका धर्मादाय संस्थेच्या पुढाकाराने. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेविका आणली, आणि रुग्णालयाने तो खर्च आपला मानायला बरीच वर्षे घेतली. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद महाराष्ट्रातल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत आहे. अनोळखी रुग्णाचे नातेवाईक शोधण्यापासून पुअर बॉक्स निधीतून औषधाचे पैसे उभे करण्यापर्यंतची कामे त्याच्याकडे असतात.

नोंदीने काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा रक्तपेढीत आहे. एके काळी आपल्या रुग्णालयांत रक्त बऱ्याच प्रमाणात धंदेवाईक दात्यांकडून येई. पैशाची नड असलेला माणूस आजार लपवून पुन्हा पुन्हा रक्त विकी, आणि त्या बाटलीतून कावीळ, हिवताप, पुढे एचआयव्ही रुग्णाच्या शरीरात जाई. लीला मूळगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची चळवळ रुजवली. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान मिळाला, चळवळ वाढली, पण विकत घेतलेले रक्त त्याने थांबले नाही. ते थांबवण्याचा निर्णय झाला तो ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिल्यावर. १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली, राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या, प्रत्येक पिशवीची तपासणी आणि दात्याची नोंद यांवरची देखरेख कडक झाली. आज स्वेच्छा रक्तदानात महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. त्यामागे हजारो मंडळे, महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे गट, गणेशोत्सव मंडळे आणि कामगार संघटना आहेत, आणि त्यांच्या उत्साहाला शिस्त लावणारी नोंदही आहे.

जिथे ही शिस्त सैल पडते तिथे काय होते, तेही रक्तदानातच दिसते. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, बाराही महिने. आता एखाद्या नेत्याच्या वाढदिवशी एकाच दिवशी हजारो पिशव्या गोळा झाल्या तर त्यांतल्या काही वाया जाण्याची भीती असते. आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावी, तेव्हा रक्तपेढ्या रिकाम्या. शिबिरात दात्याला महागड्या भेटवस्तूचे आमिष दाखवू नये, अशा सूचना द्याव्या लागल्या, कारण भेटीच्या ओढीने माणूस आजार लपवू शकतो. म्हणजे कौतुकाची पद्धत चुकली तर ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ज्याने आयुष्यभर दर तीन-चार महिन्यांनी शांतपणे रक्त दिले, त्याला गरज असेल त्या महिन्यात फोन करून बोलावणे आणि ‘तुमचे रक्त या आठवड्यात लागणार आहे’ असे सांगणे, यापेक्षा मोठा सन्मान मला तरी सुचत नाही. तो फोन करण्यासाठी दात्याची यादी जपलेली असावी लागते.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. स्वतः नुकत्याच बाळंत झालेल्या, बहुतेक वस्त्यांतून आलेल्या बायका आपले जास्तीचे दूध दुसऱ्या बाईच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी देतात. या आयांचा सत्कार कोणत्याही सभागृहात होत नसेल, पण त्यांच्या दानाला रुग्णालयाने जी वागणूक दिली तीच मला आदर्श वाटते: आईची तपासणी, दुधाचे ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास पाश्चरीकरण, जंतूंची चाचणी, गोठवून साठवण, प्रत्येक बाटलीवर नोंद. एका गरीब बाईने दिलेली पेलाभर वस्तू इतक्या गांभीर्याने घेतली जाते. वेळ देणाऱ्याच्या वाट्याला असे गांभीर्य अजून आलेले नाही.

रुग्णालये आपल्याविषयी जे छापतात त्यावरून हे उघड होते. वार्षिक अहवाल, स्मरणिका, प्रसिद्धिपत्रके चाळली तर शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रे, दुर्मीळ आजारावरचे यश, देणगीत मिळालेले सीटी स्कॅन, मान्यवरांच्या भेटी यांची सविस्तर माहिती मिळते. स्वयंसेवकांसाठी शेवटी एक वाक्य असते: अनेक संस्थांचे मोलाचे सहकार्य लाभले. हे सहकार्य किती तासांचे होते, कोणत्या ओपीडीत होते, किती रुग्णांना त्याने योजनेची कागदपत्रे पूर्ण करता आली, बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांवर संस्थांचे किती रुपये गेले, यांतले काहीच तिथे नसते. या शेवटच्या गोष्टीचेच पाहा. मुंबई महापालिकेने अलीकडे ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’चे धोरण जाहीर केले, म्हणजे रुग्णाला बाहेरच्या दुकानातून औषध आणायला सांगू नये. अत्यंत योग्य धोरण. पण ते खरोखर अमलात येते आहे का हे कोणाला सगळ्यात आधी कळेल? ज्या संस्थेकडे रुग्ण बाहेरची चिठ्ठी घेऊन येतो तिला. कोणते औषध, कोणत्या विभागातून, किती वेळा, हे त्यांच्या पावत्यांत पडलेले आहे. त्या पावत्यांचा महिन्याचा गोषवारा रुग्णालयाच्या वार्तापत्रात आला, तर त्याला मी स्वयंसेवकांचा गौरवही म्हणेन आणि रुग्णालयाची खरी बातमीही.

यावर पहिला आक्षेप आपल्या संस्कारातूनच येतो. या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण. सेवा मोजली की तिचे पुण्य गेले. ही भावना मी हलकी मानत नाही. पुष्कळ स्वयंसेवकांना आपले नाव कुठेही नको असते, आणि त्यांचा तो हक्क आहे. पण नोंद कामाची ठेवायची आहे, माणसाची जाहिरात करायची नाही. रक्तपेढी दात्याचे नाव रुग्णाला सांगत नाही, तरी पिशवीवर क्रमांक असतोच. शिवाय गुप्तदानाचा नियम देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्या संस्थेने आपल्याला काय मिळाले याचा हिशेब ठेवू नये, असे तो कुठेच सांगत नाही. सार्वजनिक रुग्णालय लोकांच्या पैशावर चालते. त्याच्या कामाचा एक मोठा भाग बिनपगारी हातांनी होत असेल, तर ते लोकांना कळलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो बहुधा कर्मचारी संघटनांकडून आणि आरोग्य चळवळीतल्या लोकांकडून येतो. स्वयंसेवकांचा गौरव करणे म्हणजे सरकारला पळवाट देणे; पदे रिकामी ठेवायची आणि ती जागा दानशूरांनी भरायची. हा धोका खरा आहे. महाराष्ट्रातल्या आरोग्य सेवेत डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ या तिन्हींची पदे मोठ्या प्रमाणात रिकामी असल्याचे कॅगने दाखवून दिले आहे. आणि कौतुक पगाराची जागा कसे घेते, याचे सगळ्यात बोचरे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढे आहे. ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर २००५ साली आशा योजना आली. महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत, आणि सरकारी कागदावर त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. बाळंतपणासाठी बाईला रुग्णालयात पोहोचवणे, लसीकरण, क्षयरुग्णाला औषध, करोनाच्या काळात घरोघरी जाऊन ताप तपासणे, एवढे काम. मोबदला कामागणिक आणि मानधन तुटपुंजे. २०२० च्या मार्चमध्ये लोकांनी थाळ्या वाजवल्या, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले उधळली गेली, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पातळीवर सन्मान केला. त्याआधी, २०२१ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या होत्या. सन्मानानंतर, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांना पुन्हा संप करावा लागला आणि २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावे लागले. तेव्हा कुठे मानधनात वाढ मंजूर झाली. जी बाई रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेले काम करते आणि न केल्यास जिला जाब विचारला जातो, ती स्वयंसेविका नव्हे, कर्मचारी आहे. तिला पुरस्कार देऊन तिचा पगार फिटत नाही.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. स्वयंसेवक नकोतच असे म्हटल्याने रिकामी पदे भरली जात नाहीत. फक्त आज ट्रॉलीवर पडून असलेला माणूस तिथेच पडून राहतो. पदे भरली जावीत असे ज्यांना वाटते, त्यांनी तर नोंदीचा आग्रह सगळ्यात आधी धरायला हवा. आशांना आपली मागणी मांडता आली, कारण प्रत्येक लस, प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक भेट त्यांच्या रजिस्टरमध्ये होती; काम किती हे नाकारणे कोणाला शक्य नव्हते. रुग्णालयातल्या स्वयंसेवकाचे काम अदृश्य आहे म्हणूनच त्याने झाकलेली उणीवही अदृश्य राहते. समाजसेवा विभागात एक साधी वही असावी. तारीख, काम, लागलेला वेळ, आणि चौथा रकाना: हे काम मुळात कोणाचे होते. मरणाच्या दारातल्या, नातेवाईक नसलेल्या रुग्णाजवळ बसून त्याचा हात धरणे, मुलांच्या वॉर्डात गोष्टी सांगणे, कर्करोगातून उठलेल्या बाईने दुसरीला धीर देणे, यांसाठी कोणतेही पद निर्माण करता येणार नाही आणि करूही नये. ते दान आहे आणि दानच राहावे. चाकांची खुर्ची ढकलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रात्रपाळीत पाणी पाजणे हे मामांचे आणि मावशींचे काम आहे, आणि ते स्वयंसेवकाच्या नावावर दर महिन्याला शेकडो वेळा पडत असेल तर ती भरतीची मागणी आहे. दोन्ही प्रकारांना एकच शाल घालून आपण दोघांवरही अन्याय करतो.

तिसरा आक्षेप डॉक्टर आणि प्रशासनाचा, आणि त्यातही तथ्य आहे. मोठ्या रुग्णालयात मदतीच्या नावाने दलालही फिरतात. रुग्णाला खासगी प्रयोगशाळेत किंवा नर्सिंग होममध्ये वळवणारे लोक स्वतःला समाजसेवकच म्हणवतात. फळे वाटताना रुग्णाचा चेहरा छायाचित्रात घेऊन ते सगळीकडे पाठवणारे आहेत, त्यातला रुग्ण क्षयाचा किंवा एचआयव्हीचा असला तरी. अतिदक्षता विभागात निवडणुकीच्या तोंडावर होणाऱ्या भेटींविषयी वेगळे सांगायला नको. म्हणून स्वयंसेवकांवर बंधन हवे, हे प्रशासनाचे म्हणणे बरोबर आहे. पण ओळखपत्र, कोणत्या वॉर्डात जायचे याची परवानगी, गोपनीयतेची लेखी हमी, हात धुण्यापासून सुरू होणारे प्रशिक्षण हे सगळे तेव्हाच शक्य होते, जेव्हा रुग्णालय स्वयंसेवकाला आपला मानून त्याची नोंद करते. बिनानोंदीच्या गर्दीतच दलाल लपतो.

एवढ्या नोंदी आणि नियम आले तर उत्साही माणूस पळून जाईल, असे काहींना वाटते. अनुभव उलट सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेने अडीच लाख स्वयंसेवक मागितले, तेव्हा काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावे दिली. पुढे त्यांतल्या पुष्कळांना आठवडेच्या आठवडे एकही काम मिळाले नाही, आणि तक्रार झाली ती याचीच. आपला उपयोग झाला नाही हे स्वयंसेवकाला लागते. फॉर्म भरावा लागला याचे दुःख त्यामानाने थोडे. केरळात कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेची संस्था सुरू झाली, आणि काही वर्षांत तिच्यातून वस्तीवस्तीच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. शिक्षक, रिक्षाचालक, गृहिणी, विद्यार्थी यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले, घरी पडून असलेल्या रुग्णांकडे जाऊ लागले, प्रत्येक भेटीचे टिपण ठेवू लागले. कोणत्या घरी नर्स आधी जायला हवी, कोणाला औषधापेक्षा तांदूळ हवा आहे, हे ठरवण्यात त्यांचा वाटा राहिला. २००८ मध्ये केरळने परिहार सेवेचे धोरण स्वीकारले, असे करणारे देशातले पहिले राज्य म्हणून, आणि त्यात पंचायतींवर जबाबदारी आली. या कामाचे मोल पुढे चालत राहिलेल्या सेवेत दिसते, आणि त्या सेवेला आज सरकारी पैसा मिळतो.

देखभाल करणाऱ्याच्या शब्दाला किंमत देणे म्हणजे काय, हे केईएमच्याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने एकदा दाखवले आहे. १९७३ मध्ये हल्ल्यानंतर बेशुद्धीसारख्या अवस्थेत गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना रुग्णालयातल्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी, पाळ्या बदलत, पिढ्या बदलत, २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळले. त्या पगारी होत्या हे खरे, पण बेचाळीस वर्षे अंगावर जखम होऊ न देता एखाद्याला जपणे हे कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. २०११ च्या निकालात, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने तो याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता या सांभाळणाऱ्या माणसांना दिला. दयामरणाविषयी त्या निकालावर मतभेद असू शकतात; या मुद्द्यावर मला तो निःसंशय योग्य वाटतो. जो रोज जवळ असतो, त्याला जे माहीत आहे ते इतरांना माहीत नसते, हे तिथे कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

रुग्णालयाच्या रोजच्या कारभारात हेच मान्य करायचे तर त्याला फार मोठा खर्च नाही, पण एक अडचण आहे, आणि ती कोणी झाकू नये. स्वयंसेवकांची वही ठेवायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, त्यांच्या चौथ्या रकान्यातून दर तिमाहीला अहवाल तयार करून तो रुग्ण कल्याण समितीपुढे किंवा पालिकेच्या आरोग्य समितीपुढे ठेवायचा, हे काम समाजसेवा अधीक्षकांचे. आज त्यांच्यावर योजनांच्या कागदपत्रांचे, अनोळखी रुग्णांचे, पोलीस प्रकरणांचे आणि निधी मिळवण्याचे इतके ओझे आहे, की आणखी एक वही त्यांच्यापुढे टाकणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणून ज्या रुग्णालयात शेकड्याने स्वयंसेवक येतात, तिथे केवळ त्यांच्यासाठी एक अधीक्षक आणि एक लिपिक अशी दोन पदे आधी मंजूर झाली पाहिजेत. केईएमने जानेवारी २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. इंग्रज सरकारच्या रुग्णालयांत भारतीय डॉक्टरांना मानाच्या जागा मिळत नव्हत्या, म्हणून शहराच्या पालिकेने आणि देणगीदारांनी मिळून ही संस्था उभी केली. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या अंदाजपत्रकात ही दोन पदे घालण्याची सुरुवात तिथून होऊ शकते, जे. जे., शीव, नायर, ससून, नागपूरचे मेडिकल आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी यांना मग तो नमुना पुढे ठेवून मागणी करता येईल.